प्राडाला जाब विचारणाऱ्या माझ्या ग्राहकांना

प्रति,
पन्हाळगडावरील हॉटेल, लॉज व रिसॉर्टचे मालक,
तसेच कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील दुकानदार, कारखानदार व मंडळांचे पदाधिकारी यांस,



मी पन्हाळ्यात राहते आणि घरूनच ग्राफिक डिझाइनचे काम करते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारावरची पाटी, टेबलावरचे मेन्यू कार्ड, गुळाच्या खोक्यावरचे लेबल, मसाल्याच्या पुडीचे चित्र, गणपतीच्या वर्गणी पुस्तकावरचे चिन्ह माझ्या किंवा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी संगणकावर तयार झालेले आहे. त्यातल्या काही कामांचे पैसे मिळाले, काहींचे अर्धे मिळाले, काहींचे मिळालेच नाहीत. काम मात्र रोज वापरात आहे. फोनवर, गाठीभेटीत, लग्नाच्या पंगतीत हा विषय मी हळू आवाजात काढून पाहिला. आता उघड लिहिते आहे, कारण शाहूपुरीतल्या, इचलकरंजीतल्या, वडगावातल्या डिझाइनरांशी बोलले की सगळ्यांकडून तेच ऐकू येते. या पत्रात कुणाचे नाव घेतलेले नाही आणि घेणारही नाही.

जून २०२५ मध्ये आपल्या सगळ्यांचे रक्त तापले होते, त्याची आधी आठवण करून द्यायची आहे. इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायांत कोल्हापुरी चपलेसारखीच चप्पल घातली आणि तिला नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाव नाही, कारागिराचा तर उल्लेखही नाही. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. तरीही असे झाले म्हणून आपण पेटून उठलो. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या स्टेटसवर त्या आठवड्यात निषेध होता. त्यातली एक-दोन चित्रे तुमच्यासाठी मीच करून दिली होती, आनंदाने आणि पैसे न घेता. ती लढाई माझीही होती.

त्या लढाईत आपण काय मागत होतो? ज्याने नमुना घडवला त्याला आधी विचारा, त्याचे नाव घ्या आणि त्याच्या कामाचे पैसे द्या. आणि आपले म्हणणे जगाने ऐकले. कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून ही प्रेरणा कोल्हापुरी चपलेची असल्याचे मान्य केले, तिची माणसे जुलैत कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, कारण मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच दाद मागायला हवी, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पण वाटाघाटी थांबल्या नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेण्याचे ठरले. एवढी मोठी परदेशी कंपनी कोल्हापूरच्या रेट्यामुळे बोलणी करायला बसली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझे तुमच्याकडे गाऱ्हाणे एवढेच आहे, की जो न्याय आपण मिलानकडे मागितला तो तुम्ही पन्हाळ्यात आणि कोल्हापुरात देत नाही. न विचारता वापरणे, नाव न घेणे आणि पैसे न देणे हे तिन्ही प्रकार इथे आपल्याच माणसांकडून, आपल्याच माणसांच्या कामाबाबत राजरोस चालतात.

उदाहरण सांगते. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात आपला पन्हाळा आला. गडावर पेढे वाटले गेले. पुढच्या काही आठवड्यांत प्रत्येकाला नवी पाटी, नवे चिन्ह, नवे मेन्यू कार्ड हवे झाले. एका लॉजच्या मालकांनी मला बोलावले. त्यांना चिन्हात तीन दरवाजा हवा होता. मी पर्यटक येण्याआधी, सकाळच्या उन्हात तिथे जाऊन कमानी काढून आणल्या. तीन दरवाज्यावरचे कोरीवकाम फार बारीक आहे. ते जसेच्या तसे घेतले तर पावतीवर छापताना शाई भरून नुसता काळा ठिपका उरतो. म्हणून कोरीवकाम सोडून दिले, एकातून एक दिसणाऱ्या कमानी ठेवल्या, खाली उंबऱ्याची एक रेघ. लॉजचे नाव तयार फॉन्टमध्ये बसेना, वेलांटी कमानीला टेकायची. मग अक्षरे हाताने काढली आणि वेलांटीचा बाक कमानीच्या बाकाशी जुळवला. रुपयाच्या नाण्याएवढे छापून वाचता येते का पाहिले. दहा फुटी पाटीवर उघडेबोडके दिसत नाही ना, तेही पाहिले. तीन नमुने पाठवले, प्रत्येकावर तिरके ‘नमुना’ असे फिकट अक्षरांत लिहून.

त्यावर काही उत्तर आले नाही. फोन केला की ‘भागीदारांना दाखवतो’, ‘पाव्हणं आल्यात, जरा थांबा’. काही दिवसांनी खालून गडावर येताना प्रवेश कराच्या नाक्यापुढे ते चिन्ह मला दिसले. व्हॉट्सअ‍ॅपवरचे चित्र तसेच उचलून, ओढून, रुंद करून डिजिटल फलकावर छापलेले. कमानी चपट्या झालेल्या. ‘नमुना’ हा शब्द झाकायला त्यावर पिवळी पट्टी टाकून मोबाइल नंबर लिहिलेला. मी फोन केला तेव्हा मिळालेले उत्तर शब्दशः देते : ‘ताई, ते अजून फायनल कुठं झालंय? कसं दिसतंय बघायला लावलंय नुस्तं.’ तो फलक अजून तिथेच आहे. त्यानंतर तेच चिन्ह बिलांवर आले, टॉवेलवर आले, खोलीच्या किल्लीला अडकवलेल्या गोल बिल्ल्यावर आले. मला एक रुपया मिळालेला नाही.

यात पैशाइतकाच त्रास त्या चपट्या कमानींचा होतो, हे मी मनापासून सांगते. येणारा जाणारा ते बघतो आणि विचारतो, हे तुम्हीच केलंय ना? काम माझे आहे की नाही, या प्रश्नाला धड हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

तुमच्याकडून वारंवार ऐकू येणारे दुसरे वाक्य : ‘घरचंच काम हाय की.’ पन्हाळा लहान आहे. इथे कोण कुणाचा मामा, कोण कुणाच्या वर्गातला, हे सगळ्यांना माहीत असते. त्या ओळखीवरच मला काम मिळते, हेही खरे आहे आणि त्याची जाण मला आहे. पण घरच्या कामात तुम्ही भाकरीचे पीठ, कोंबडी, गॅसची टाकी, धोब्याचे बिल उधार ठेवत नाही. ठेवलेच तर पुढच्या आठवड्यात चुकते करता. घरचे काम म्हणून थांबायला लागते ते फक्त डिझाइन करणाऱ्याला. पोरीने बसल्या जागी, पंख्याखाली, माऊस फिरवून केले, त्याला काय पैसे लागतात, ही समजूत त्यामागे आहे. तुम्ही ती तोंडाने बोलत नाही, बिल बघतानाच्या चेहऱ्यावर ती दिसते. लहान गावात माणूस पैसे मागायलाही बिचकतो. मोठ्या आवाजात मागितले तर घरी वडिलांपर्यंत जाते, ‘तुमची मुलगी फार व्यवहारी झाली’. माझ्या ओळखीच्या एका मुलाने याच कारणाने हे काम सोडले आणि पुण्यात नोकरी धरली. चांगला हात होता त्याचा.

तिसरी गोष्ट नमुन्यांची. एकाच कामासाठी चार जणांना वेगवेगळे बोलावायचे, ‘आधी करून दाखवा, आवडलं तर बघू’ म्हणायचे आणि चौघांचे नमुने हातात आले की ते चारही घेऊन प्रेसवर जायचे. तिथल्या मुलाला सांगायचे, याचा रंग घे, त्याचे अक्षर घे, हिची कमान घे आणि एक करून दे. चौघांच्या डोक्यातले फुकट मिळते आणि छपाईवाला ‘डिझाइन फ्री’ म्हणून चौरस फुटाच्या दराने फलक छापून देतो. प्रेसवाल्यांनाही या पत्रातून माझी विनंती आहे. तुमच्या धंद्यात स्पर्धा आहे, दर उतरले आहेत, हे मला दिसते. पण तुमच्याकडे येणाऱ्या चित्रावर कुणाचे तरी ‘नमुना’ लिहिलेले असेल तर एक फोन करून विचारा. तुम्ही विचारायला लागलात तर यातले निम्मे प्रकार आपोआप थांबतील.

आणि हो, ‘सीडीआर पाठवा की’ हा निरोप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : कोरलड्रॉमधली मूळ फाइल दिली की काम कायमचे दुसऱ्याच्या हाती जाते. पुढे कुणीही त्यात हवा तो बदल करू शकतो. बिल थकलेले असताना ती मागणे आणि दिली नाही की ‘ताई अडवून धरते’ असे चार लोकांत सांगणे, हा अन्याय आहे.

युनेस्कोच्या चिन्हाबद्दलही इथेच लिहून टाकते, कारण त्यावरून माझ्यावर दोघे नाराज आहेत. जागतिक वारसा चिन्ह परवानगीशिवाय व्यापारी कामाला वापरता येत नाही. मेन्यू कार्डावर किंवा रूमच्या दरपत्रकावर ते टाकायला मी नकार दिला तो तुमच्याच भल्यासाठी. त्या नकारावरून आधीच्या कामाचे बिल रोखणे योग्य नव्हते.

आता कायद्याचे बोलते. धमकी म्हणून बोलत नाही. तुमच्यापैकी अनेकांना हे खरोखरच ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझाइनरने केलेल्या चिन्हाचा पहिला मालक, वेगळा करार झालेला नसेल तर, तो डिझाइनरच असतो. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, काम केले त्या क्षणी हक्क निर्माण होतो. तो हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, त्यावर देणाऱ्याची सही लागते. ‘मी सांगितलं म्हणून तिनं केलं, म्हणजे ते माझंच’ हे कायद्यात बसत नाही. पैसे न देता वापरलेले चिन्ह तर अजिबातच तुमचे होत नाही. याच कायद्यात कर्त्याला आणखी एक हक्क दिलेला आहे : हक्क विकल्यानंतरही काम आपले असल्याचे सांगण्याचा, आणि त्याची नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. चपट्या कमानींची मला वाटणारी लाज कायदा बनवणाऱ्यांनीही ओळखली होती, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले.

दुसरा कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. त्यात सेवा देणारेही येतात. घरातल्या एका खोलीत काम करणारी माझ्यासारखी बाई उद्यम नोंदणी करून सूक्ष्म उद्योग ठरते. अशा उद्योगाचे पैसे, लेखी ठरलेले असेल तर त्या मुदतीत, पण कितीही ठरले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. काहीच लेखी ठरलेले नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असेच धरले जाते. म्हणजे सहा महिने पाटी लावून झाल्यावर ‘तसं आम्हाला आवडलं नव्हतंच’ म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असे व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे नेता येते आणि ती ऑनलाइन दाखल करता येते.

तिसरी तरतूद थेट तुमच्या खिशाशी निगडित आहे, तुमच्या सीएंना विचारून घ्या. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक बदल झाला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वरच्या मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच धरता येते. बिल थकवून तुमचा करही वाढतो.

एवढे कायदे असूनही आम्ही तक्रार का करत नाही, असे कुणी विचारेल. बहुतेक थकलेली बिले काही हजारांची असतात. त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालायचे, वकिलाला पैसे द्यायचे, आणि उद्या त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात समोरासमोर यायचे, हे आम्हाला नको असते. शिवाय एकावर केस केली की बाकीचे दहा जण काम देणे बंद करतील ही भीती असते. तुम्हालाही ते माहीत आहे आणि त्यावरच हे चालते. म्हणून कायद्याच्या आधी मी तुमच्याकडे आले आहे.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे समजू नका. जुलै २०२१ च्या पावसात गडाचा मुख्य रस्ता खचला, गाड्या वर येणे अनेक महिने बंद राहिले. त्याआधी कोरोनाची टाळेबंदी, त्याआधी २०१९ चा महापूर. त्या काळात झुणका-भाकरीच्या टपरीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळ्यांची चूल मंदावली होती. माझी काही बिले तेव्हा थकलेली होती, पण मी कुणालाही फोन केला नाही आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. अडचण असेल तर तसे सांगा. ‘ताई, या महिन्यात जमत नाही, दिवाळीनंतर दोन हप्त्यांत देतो’ असे कुणी म्हटले तर मी आणि माझ्यासारखे सगळेच थांबतो. त्रास होतो तो फोन न उचलण्याचा. आज गडावर शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, खोल्या आधीच भरलेल्या असतात, आणि तरीही २०२१ च्या अडचणीचे कारण पुढे येते, त्याचा त्रास होतो.

चांगले ग्राहकही आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे मालक माझे काम हाती पडले की दुसऱ्या दिवशी पैसे पाठवतात. मी एकदा त्यांचे आभार मानले तर म्हणाले, ‘ओतकाम करायच्या आधी पॅटर्न बनवणाऱ्याचे पैसे चुकते करावे लागतात. तो पॅटर्न पुढं हजार वेळा साच्यात जातो, म्हणून त्याला फुकट मागता येतं का?’ लोखंडाच्या धंद्यातल्या माणसाला माझे काम किती नेमके कळले! एक चिन्ह एकदा काढले की ते तुमच्या पाटीवर, पिशवीवर, बिलावर, गाडीवर वर्षानुवर्षे छापले जाते. आमचे पैसे त्या पहिल्या पॅटर्नचे असतात.

आणि हे सगळे कोल्हापुरात घडावे, याचे मला विशेष वाईट वाटते. अबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकाराला शाहू महाराजांनी दरबारचा आधार दिला, ते हे शहर. नाटकांचे पडदे रंगवण्यातून पुढे आलेल्या बाबूराव मेस्त्री यांनी धंद्याचे नाव आडनाव म्हणून अभिमानाने लावले आणि ते बाबूराव पेंटर झाले, तेही इथेच; १९२० च्या ‘सैरंध्री’सारखे चित्रपट काढणाऱ्या या माणसाने आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवली. सिनेमाची पोस्टरे रंगवणारे जी. कांबळे इथले, आणि शिवछत्रपतींचे त्यांनी रंगवलेले चित्र राज्य शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. कलानिकेतन आणि दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूटमधून आजही दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. ही मुले कुठे जातात, तुम्ही कधी विचारले आहे का? जमेल तो मुंबई-पुण्याला जातो. जो राहतो तो वाढदिवसाचे फलक करतो, त्याचे पैसे येतील तेव्हा येतात.

अलीकडचे एक नाव तर तुमच्या खिशातच आहे. स्वच्छ भारत अभियानाचे चिन्ह, गांधीजींचा तो चष्मा, २०१४ मध्ये देशभरातून मागवलेल्या प्रवेशिकांमधून निवडले गेले. ते काढणारे अनंत खासबारदार कोल्हापूरचे. केंद्र सरकारने त्यांचे नाव जाहीर केले आणि त्यांना ५० हजार रुपयांचे बक्षीस दिले. २०१६ च्या नोटबंदीनंतर आलेल्या नव्या नोटा उलटून बघा, मागच्या बाजूला तो चष्मा आहे. पाचशेची नोट असो की दहाची, कोल्हापूरच्या एका डिझाइनरचे काम त्यावर छापलेले आहे. आमच्या बिलापोटी द्यायच्या राहिलेल्या नोटांवरही ते आहे.

आता मागण्या. काम सांगताना निम्मी रक्कम इसार म्हणून द्या. जमीन घेताना, म्हैस घेताना, कार्यालय ठरवताना तुम्ही इसार देताच. काय हवे, किती दिवसांत हवे, किती वेळा बदल करून मिळतील आणि पैसे किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून कळवा आणि त्यावर ‘मान्य’ असे उत्तर द्या. ‘हो’ कोण म्हणणार ते आधी ठरवा. मालकांनी पसंत केलेले भागीदारांनी बदलायचे आणि भागीदारांचे वहिनींनी, असे झाले की त्या वाढीव कामाचेही पैसे लागतात. नमुना हवा असेल तर नमुन्याचे पैसे द्या, थोडे द्या, पण द्या; नापसंत पडला तर तो वापरू नका. उरलेली रक्कम हाती पडल्यावर छपाईची फाइल मिळेल, आणि मूळ फाइल हवी असेल तर तिचा दर वेगळा राहील. मेन्यू कार्डाच्या मागे, पुस्तिकेच्या शेवटी, बारीक अक्षरात का होईना, डिझाइन करणाऱ्याचे नाव छापा. प्राडाकडे आपण नाव मागितले होते, तसेच.

आज ज्यांच्याकडे बिले थकलेली आहेत त्यांना स्वतंत्रपणे सांगते. कामाच्या पैशांसाठी दावा करायला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते. माझ्याकडच्या काही बिलांना ती भरत आली आहे. मी ती मुदत जाऊ देणार नाही. तुम्ही माझी माणसे आहात म्हणून आधी हे पत्र. याला उत्तर आले नाही तर नोटीस येईल, आणि तेव्हा मला कुणाच्या मामाकडून निरोप पाठवू नका. जे चिन्ह तुम्हाला नकोच होते, असे तुम्ही म्हणता, ते पाटीवरून, बिलावरून, टॉवेलवरून काढून टाका. हवे असेल तर त्याचे पैसे द्या आणि मी चपट्या झालेल्या कमानी नीट करून, योग्य मापाची फाइल करून देईन, त्या दुरुस्तीचे वेगळे काही घेणार नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तुम्ही वही पुजता, पाडव्याला नव्या वहीवर पहिली नोंद करता. त्याआधी जुनी वही एकदा चाळा आणि त्यात डिझाइन करणाऱ्या कुणाचे देणे राहिले असेल तर ते चुकते करा. बिल हरवले असेल तर कळवा, त्याच दिवशी पुन्हा पाठवते. खात्याचा क्रमांक बिलावर खाली छापलेला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ग्राफिक डिझाइनर
पन्हाळा, जि. कोल्हापूर